पायात काय, पाठीवर काय

येत्या ६ डिसेंबरला नाशिकहून दादरपर्यंत चालत जायचं, असं आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलंय. रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी, कसाऱ्याचा घाट, खर्डी, शहापूर, वाशिंद, ठाणं आणि मग चैत्यभूमी. एकशेऐंशीच्या आसपास किलोमीटर. सात दिवस. यासाठी आतापर्यंत तीन मीटिंगा झाल्या. पहिलीत बॅनरवर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यावर दोन तास गेले. दुसरीत साउंडची गाडी पुढं ठेवायची की मागं, यावर भांडण. तिसरीत कुठल्या पेपरवाल्याला बोलवायचं. पाय हा शब्द तिन्ही मीटिंगांत कुणाच्या तोंडून निघाला नाही.

म्हणून हे लिहितोय. मी पुढारी नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमला साइडर आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काय वाचलं ते वस्तीतल्या वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. पण चालण्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. फ्रेमच्या दोन बाजूंमधून तुटलेले धागे सांधत आठ तास येरझारा घालायच्या, हाच माझा धंदा. पाळी सुटते तेव्हा मी कुठंच गेलेलो नसतो, पण पाय मैलोनमैल चाललेले असतात. टाच कुठं घासते, अंगठ्याचं नख कशानं काळं पडतं, सहाव्या तासाला पाय किती फुगतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या पायानं शिकवलंय.

तिसऱ्या मीटिंगमध्ये शेवटी एक मित्र उठला. म्हणाला, "मी अनवाणी येणार. बाबासाहेबांसाठी एवढं तरी करायला पाहिजे." टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवता आली नाही. तो मित्र खरा आहे, ढोंगी नाही. पण त्याच्या बोलण्यात आपल्या बापजाद्यांचा एक जुना घाव उलटा होऊन बसलाय, तो त्याला दिसत नाही.

मित्रांनो, अनवाणी चालणं हे ज्याच्याजवळ जोडे आहेत त्याचं व्रत असतं. आपल्यासाठी ती सक्ती होती. गावात शिरताना, पाटलाच्या दारावरून जाताना पायातलं पायताण काढून हातात घ्यायचं, हा कायदा कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता, पण मोडला तर पाठ फुटायची. येसकर, तराळ सरकारी टपाल घेऊन गावोगाव पळायचा. साहेबाच्या घोड्यापुढं धावायचा. मेलेलं ढोर ओढायचं आम्ही, कातडं कमवायचं ढोरानं, जोडा शिवायचा चांभारानं, आणि तो जोडा गावात घालून मिरवायचा तिसऱ्यानंच. ज्यांच्या हातून जोडा तयार व्हायचा त्यांच्याच पायात तो शोभत नव्हता म्हणे. त्या पायांचे आपण वारस. आपण पुन्हा आपल्या हातानं पायातलं काढून ठेवायचं आणि त्याला निष्ठा म्हणायचं?

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांपुढं भाषण केलं. त्यात लुगडं कसं नेसायचं, ओळख पटवणारे ते कथलाचे-चांदीचे ढीगभर दागिने कसे टाकायचे, स्वच्छ कसं राहायचं, हे सांगितलं. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या वेळची ही गोष्ट. म्हणजे अंगावर काय घालायचं हा प्रश्न त्यांनी किरकोळ मानला नाही. आपणही मानू नये.

आणि धम्माचं म्हणाल तर विनयपिटकात महावग्गात चामड्याच्या वस्तूंवर आख्खं प्रकरण आहे. त्यात सोण कोळिविस नावाचा भिक्खू येतो. श्रीमंताघरचा, लाडात वाढलेला. भिक्खू झाल्यावर इतक्या जिद्दीनं चंक्रमण केलं की तळपाय फुटले आणि चालायची वाट रक्तानं भरली. बुद्धांनी ते पाहिलं. शाबास म्हणाले नाहीत. वीणेच्या तारांचा दाखला देऊन सांगितलं, तार फार ताणली तरी सूर नाही आणि ढिली सोडली तरी नाही. मग त्याला एकपदरी वहाणा घालायची परवानगी दिली. आता सोणाचं उत्तर ऐका. तो म्हणाला, मी एकटा घालणार नाही. सगळ्या संघाला परवानगी असेल तर घालीन. तेव्हा बुद्धांनी सगळ्या संघाला वहाणा मोकळ्या केल्या. त्याच प्रकरणात पुढं अवंती-दक्षिणापथाची गोष्ट आहे. तिकडची जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली. तिथल्या भिक्खूंसाठी विनंती आली, आणि जास्त पदरांच्या वहाणांना परवानगी मिळाली. अडीच हजार वर्षांपूर्वी जमीन बघून जोड्याचा तळ ठरवणारा आपला शास्ता. आणि आपण डांबरी महामार्गावर अनवाणी निघतोय.

सोणाचा हा नियम मला आपल्या पदयात्रेचा पहिला ठराव वाटतो. जोडा एकाला असेल तर सगळ्यांना पाहिजे. ज्याला परवडतो तो भारीतला घालून पुढं, आणि ज्याची हजेरी भरली नाही तो झिजलेल्या स्लिपरवर मागं, असं चालणार नाही. बॅनर अर्ध्या आकाराचा करा. उरलेल्या पैशात किती जोडे बसतात ते मोजा.

आता जोडा कसा पाहिजे ते सांगतो.

जोडा नवाकोरा नको. निघायच्या आधी निदान सहा आठवडे पायात घातलेला पाहिजे. दुकानात संध्याकाळी जा, सकाळी नको. दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो, त्या मापाचा जोडा घ्या. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. ती जागा कशासाठी, ते कसाऱ्याच्या घाटात कळतं. इगतपुरी सोडली की रस्ता खाली उतरतो. चढताना दम लागतो, पण उतरताना पाय जोड्यात पुढं सरकतो आणि प्रत्येक पावलाला बोटं टोकावर आपटतात. खाली पोचेपर्यंत नखं काळी. म्हणून उतार लागायच्या आधी थांबायचं, नाडी सोडायची, टाच मागं ठोकून बसवायची आणि घोट्याजवळ नाडी घट्ट आवळायची. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापून ठेवायची, सरळ.

स्लिपर नको. स्लिपर पायातून सुटू नये म्हणून बोटं तिला दिवसभर धरून ठेवतात, आणि संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात. कातडी कोल्हापुरी ज्याच्या पायात मुरलेली आहे त्यानं ती घालावी, त्याला मी बदल म्हणणार नाही. मुरलेली चप्पल नव्या बुटापेक्षा बरी. बाकीच्यांनी जाड तळाचा, हलका, नाडीचा कापडी बूट घ्यावा. महागडा लागत नाही. माझ्या बुटाला माझी दोन दिवसांची हजेरी लागली. सॅकमध्ये स्लिपरचा एक हलका जोड असू द्या, मुक्कामाला पाय मोकळा करायला.

मोज्याबद्दल सगळे सांगतात, सुती घ्या, सुती चांगलं. मी सुतातच काम करतो म्हणून सांगतो, इथं सूत दगा देतं. सूत पाणी धरतं. आमच्याकडं कापसाच्या सुताचा ओलावा हिशेबात धरतात तो सुक्या वजनावर साडेआठ टक्के, आणि पॉलिस्टरचा अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे सुती मोजा घाम पितो आणि धरून बसतो. ओलं कातडं मऊ पडतं, मऊ कातडं घासलं की फोड. सदरा सुती घाला, तो वाऱ्यावर वाळतो. जोड्यात वारा नसतो. पायात आतून एक पातळ नायलॉनचा मोजा आणि त्यावर मिश्र धाग्याचा दुसरा, असे दोन घालायचे. घासायचं ते मोजा मोज्यावर घासतो, कातडं वाचतं. एकूण तीन जोड ठेवा. एक पायात, एक सॅकच्या पाठीवर वाळत, एक कोरडा रात्रीसाठी. दर दोन तासांनी थांबून जोडे-मोजे काढायचे, पाय वाऱ्यावर धरायचे. दहा मिनिटं. लाजू नका.

फोड यायच्या आधी पाय सांगतो. एका जागी गरम लागायला लागतं. तिथंच थांबायचं. "पुढच्या मुक्कामाला बघू" म्हणणारा पुढच्या मुक्कामाला लंगडत पोचतो. गरम लागलेल्या जागेवर पांढरी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची. सकाळी निघताना बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलिन चोळायचं. मांड्या घासतात, काखा घासतात, तिथंही. फोड आलाच तर लहान असेल तो तसाच राहू द्या. मोठा असेल, पाऊल टेकत नसेल, तर सुई पाण्यात उकळून फोडाच्या कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरचं कातडं मात्र सोलू नका. तेच औषध आहे. वर जंतुनाशक मलम आणि पट्टी. ज्याला शुगर आहे त्याच्या फोडाला मात्र घरी सुई लावायची नाही. थेट दवाखाना.

शुगरचं निघालं म्हणून माझ्या आत्याचं सांगतो. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं ठेकेदाराकडं झाडूकाम केलं. पायाला दोन वर्षांपासून मुंग्या, आता तळव्याला चटकाही कळत नाही. ती म्हणते, मी येणार. मी म्हटलं, आत्या, रेल्वेनं ये, मध्य रेल्वे जादा गाड्या सोडते, शिवाजी पार्कला मंडप असतो, पाणी असतं. तर म्हणाली, "तीस वर्सं लोकांची घाण तुडवीत चालले, तवा कुणी न्हाई म्हटलं न्हाई. आता माझ्या बापाच्या भेटीला चालते तर तुम्हाला माझा पाय दिसला व्हय?"

याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हतं. तिचं बरोबर आहे. आणि ज्या पायाला चटका कळत नाही त्या पायात खडा गेला तर संध्याकाळपर्यंत हाड दिसेल, हेही बरोबर आहे. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला दोन गोष्टी सांगितल्या. रोज रात्री दुसऱ्यानं तिचा तळवा उजेडात बघायचा, आणि जोडा घालण्याआधी हात आत घालून चाचपायचा. मी आत्याला म्हटलं, शेवटचा टप्पा चाल, ठाण्यापासून. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. मी रोज रात्री तिचे तळवे बघतो. हे काम पदयात्रेच्या यादीत कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे. आपल्या प्रत्येक घरात अशी एक आत्या आहे आणि ती येणार आहे. कोण तिचे पाय बघणार, त्याचं नाव आधी ठरवा.

पाठीवरचं आता.

नियम एकच, वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या वर ओझं नको. पंचावन्न किलोच्या माणसानं साडेपाच किलो, पाण्यासकट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो गेलाच. उरलेल्या साडेचारात एक पातळ ब्लँकेट किंवा चादर आणि स्वेटर. इगतपुरीला डिसेंबरच्या पहाटे दव पडतं, थंडी हाडात जाते. घाट उतरला की तोच स्वेटर ओझं वाटतो, पण तोपर्यंत लागतो. अंगाखाली घालायला प्लास्टिकचा कागद, तोच पाऊस आला तर अंगावर. एक कपड्याचा जोड. टॉवेल नको, जुना पंचा घ्या, लवकर वाळतो. ताट नको, एक स्टीलचा पेला आणि चमचा. बॅटरी. सुई-दोरा. चिकटपट्टी, व्हॅसलिन, मलम. रोजच्या गोळ्या, आणि त्यांचं नाव-प्रमाण लिहिलेला कागद. आधार कार्डाची झेरॉक्स आणि घरच्यांचा नंबर प्लास्टिकच्या पिशवीत. अंधारात चमकणारी पट्टी पाठीवर शिवून घ्या. आपण पहाटे पाचला निघणार. महामार्गावर ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही, पट्टी दिसते.

भिक्खूंच्या सामानाला अष्टपरिष्कार म्हणतात. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. आठ वस्तू. एवढ्यावर ते देश चालले. या यादीत सुई आहे आणि पाण्याचं गाळणं आहे, हे ध्यानात घ्या. शोभेची एकही वस्तू नाही.

पाण्याचं सांगतो. तहान लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासानं चार घोट. घाटाखाली दमट हवेत घाम फार जातो. नुसतं पाणी ढोसलं तर गरगरतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चहाचा चमचा. ही जलसंजीवनी आपल्या हातानं होते, पाकीट विकत घ्यायची गरज नाही. चमचा सपाट, भरून नको, मीठ जास्त झालं तर उलटं होतं.

तिसऱ्या मीटिंगमध्ये एका ताईनं विचारलं, "बायकांनी लघवीला कुठं जायचं?" सगळ्या पोरांनी एकदम भिंतीकडं बघितलं. भिंतीवर बाबासाहेब होते, तेवढे एकटेच तिच्याकडं बघत होते. मित्रांनो, हा प्रश्न बॅनरच्या आधीचा आहे. जागा नसली की बाई पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी ती रस्त्यावर पडते, आणि आपण म्हणतो बायकांना झेपत नाही. मुक्कामाच्या शाळा, वाटेवरचे पेट्रोल पंप, धाबे, विहारं इथं आधी जाऊन बोलून यायचं. मुक्काम बायकांनी निवडायचे. औषधाच्या पेटीत पॅड असले पाहिजेत, आणि ते उघड यादीत लिहायचे, चिठ्ठीत गुंडाळून नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पहिल्या तुकडीत १२५ पुरुषांबरोबर २५ बायका दारावर बसल्या होत्या. १९३० साली. आज आपण भिंतीकडं बघतोय.

कुणी म्हणेल, हा काय कवी, मोजे मोजत बसलाय. कविता मीही लिहितो. कवितेत पाय रक्ताळला की टाळी पडते, मला माहीत आहे. रक्ताळलेला पाय कवितेत बरा दिसतो. रस्त्यावर त्याच्यावर माशा बसतात.

६ मार्च २०१८ ला आपल्याच नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. पुष्कळसे आदिवासी. वनजमिनीच्या हक्कासाठी, कर्जमाफीसाठी. ज्या रस्त्यानं आपण जाणार त्याच रस्त्यानं ते गेले. ११ तारखेला मुंबईत पोचले आणि दहावीच्या पोरांच्या परीक्षेत गाड्यांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानावर चालत गेले. १२ तारखेला सरकारनं लेखी आश्वासन दिलं. त्यांच्या फुटलेल्या तळव्यांचे फोटो देशभर छापले गेले. मुंबईकरांनी चपला आणून दिल्या, पाणी दिलं, जेवण दिलं. चांगलं झालं. पण त्या चपला वाटेच्या शेवटी मिळाल्या.

एक मित्र म्हणतो, "पाय फुटलेले दिसले म्हणून तर सरकार हललं." मी म्हणतो, सरकार हललं ते हजारो लोक आझाद मैदानावर पोचले म्हणून. जो वाडीवऱ्ह्याला बसला त्याची मोजदाद झाली नाही. आणि पुढचं ऐका. आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ ला तेच लोक नाशिकहून पुन्हा निघाले. मार्च २०२३ ला दिंडोरीहून पुन्हा निघाले, वाशिंदपर्यंत गेले. पाच वर्षांत तीनदा. पाय एकदा फोडून भागत नाही, पाय पुन्हा लागतात.

आपल्या चळवळीचंही तेच. २ मार्च १९३० ला नाशिकात मैलभर लांबीची मिरवणूक काळारामाच्या दारावर गेली. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी दांडीला निघाले. दांडीचं चालणं पोरांना शाळेत पाठ आहे, काळारामाचं नाही. पण सांगायचं ते हे की आपला सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. पाच वर्षं. रथाच्या वेळी दगड खाऊनही. नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ ला झाला. मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली. नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे सरांच्या पुढारपणाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला, साडेचारशेवर किलोमीटरच्या वाटेला. खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले ते १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत कितीदा रस्त्यावर यावं लागलं ते म्हाताऱ्यांना विचारा.

अमेरिकेत माँटगोमेरीला १९५५ च्या डिसेंबरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस. मोलकरणी, मजूर, रोज चालत कामावर. जोडे झिजून गेले तेव्हा देशभरातल्या काळ्यांच्या चर्चनी पैसे आणि जोडे गोळा करून पाठवले. नवे, वापरलेले, मिळतील तसे. ज्यांच्या नावावरून आपल्या पँथरनी १९७२ ला नाव घेतलं त्यांच्या आधीच्या पिढीची ही गोष्ट. तिथं जोडे हा लढ्याचा खर्च होता, आणि तो सगळ्यांनी मिळून उचलला.

आपल्या नाशिकलाही असा एक हिशेब दगडात कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापणं इथल्या, गोवर्धनच्या, विणकरांच्या श्रेण्यांत ठेवली. दोन हजार एका श्रेणीत, महिना शेकडा एक व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना दर माणशी बारा कार्षापणं चीवरासाठी. मी ते गणित करून पाहिलं. महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोबर जमतं. हा उषवदात ब्राह्मणांनाही दान देणारा, त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. मला दिसतात ते विणकर. आमच्याच धंद्यातले, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. चालणाऱ्याच्या अंगावर कापड असावं म्हणून वर्षाच्या वर्षाला हिशेब चुकता करणारे. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात नद्यांवर फुकट नावा, तीरावर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्याचं लिहिलंय. म्हणजे चालणाऱ्याची सोय हा तेव्हाही विचार होता, आणि दगडावर कोरण्याइतका मोलाचा होता.

पंढरीच्या वारकऱ्यांवर आपली पोरं हसतात. चोखोबाची समाधी देवळाच्या बाहेर, पायरीशी. दार आपल्या लोकांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. ते मी विसरत नाही. विठोबाशी मला देणंघेणं नाही. पण त्र्यंबकेश्वराहून निवृत्तीनाथाची पालखी निघते तेव्हा दिंडीमागं सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, कुठल्या गावात कोण जेवण घालणार ते ठरलेलं असतं. शिस्त बघून घ्यावी, देव तिथंच सोडावा.

आपल्यापुढं आता कामं आहेत, ती अशी. जोड्यांचा फंड. ज्याच्याजवळ चांगला जोड आहे त्यानं एकाचा भार उचलायचा. सामानाचा एक टेंपो, आणि तो पुढाऱ्यांना बसायला नाही. दर वीस माणसांमागं एक पाय बघणारा, रात्री मुक्कामाला तळवे बघितल्याशिवाय झोपायचं नाही. बायकांची मुक्काम कमिटी. आणि अनवाणी येणाऱ्या मित्राशी बोलणं. त्याला कुणी टोमणा मारू नका. त्याच्या मापाचा जोडा आणून त्याच्यापुढं ठेवा आणि सोणाची गोष्ट सांगा. मग त्यानं ठरवावं.

सॅक भरताना एक जागा रिकामी ठेवा. शिवाजी पार्कला पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथून रिकाम्या पाठीनं कुणी परत येत नाही. परतीला रेल्वे आहे, तेव्हा वजन वाढलं तरी चालेल.

येत्या रविवारी सकाळी सहाला त्रिरश्मीच्या पायथ्याशी, बुद्ध स्मारकाजवळ जमायचं. जाऊन येऊन पंधरा किलोमीटर चालायचं आहे. जे जोडे घालून दादरला जाणार तेच घालून या, सॅक भरून या. वजनकाटा मी आणतो.

जयभीम.